चुंग मास्तरांचा गळा

निळ्या कापडावर सात सिरिंजा होत्या: दोन मोठ्या, पाच लहान, प्रत्येकीवर रंगीत पट्टी आणि पट्टीवर औषधाचं नाव. श्वासनलिकेत घालायच्या नळ्या दोन, एक नेमक्या मापाची आणि एक अर्ध्या मापाने बारीक, वेळ पडलीच तर म्हणून. रक्तदाबाचा पट्टा एक, फक्त उजव्या हातासाठी. मानेखाली, कोपरांखाली, टाचांखाली द्यायच्या मऊ उशा सहा. सलाइनची बाटली एक, अर्ध्या लिटरची, आणि तीही पुरती संपवायची नाही. भुलीच्या यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी एक, यंत्राने दिवसभर शहाण्या बाळासारखं वागावं म्हणून ठेवलेली. तिची मुदत उलटलेली नाही हेही फेइ-युनने पाहून घेतलं. मॉर्फिन नव्हतं. ते कपाटातून काढलंच नव्हतं.

फेइ-युनचं भूलशास्त्रातलं हे दुसरं वर्ष. ती आधी रसायनशास्त्र शिकली आणि मग वैद्यकीकडे वळली, त्यामुळे औषध शरीरात जाऊन काय करतं याच्याइतकंच ते बाहेर कसं पडतं याचं तिला कुतूहल. बऱ्याच औषधांना बाहेर पडायला मूत्रपिंडाचं दार लागतं. ते दार बंद असलं की पाहुणा घरातच मुक्काम ठोकतो, आणि मॉर्फिनसारखा पाहुणा तर राहता राहता यजमानाचा श्वास थांबवतो. म्हणून आजची औषधं तिच्या वरिष्ठ डॉ. शियाओंनी वेगळी निवडली होती. स्नायू सैल करणारं औषध रक्ताच्या उबेनेच आपोआप मोडून पडणारं. त्याला मूत्रपिंडाची गरज नाही. वेदना मारणारं औषध रक्तातच काही मिनिटांत विरणारं. "हे पाहुणे चप्पल पायातच ठेवून बसतात," असं डॉ. शियाओ म्हणत. फेइ-युनला ते वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त आवडायचं.

आजचे रुग्ण होते चुंग वू-श्युंग, वय सदुसष्ट. हूवेई गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचा खेळ ते पन्नास वर्षं करत आले होते. देवळासमोर ट्रकवर रंगमंच उभा राहिला की सेनापती, राजकन्या, दरोडेखोर, म्हातारी, वाघ या सगळ्यांना आवाज एकट्या चुंग मास्तरांचा. किडन्या बारा वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि उरलेल्या दिवशी खेळ, असं त्यांनी निभावून नेलं होतं. पण किडन्या गेल्यावर गळ्यातल्या चार इवल्या ग्रंथी फोफावल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या असायच्या त्या शेंगदाण्याएवढ्या झाल्या आणि हाडांतलं कॅल्शियम ओरबाडून काढायला लागल्या. मास्तरांची हाडं रात्रंदिवस ठणकू लागली. सेनापतीची बाहुली हातात घालून वर धरली की दंडातून कळ निघे. त्या ग्रंथी काढणं हाच उपाय होता.

आणि त्या ग्रंथींच्या अगदी मागून आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो, कधीकधी कायमचा. म्हणून मास्तर दोन वर्षं शस्त्रक्रियेला नाही म्हणत राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने, अ-लुआन आजींनी, पंचांग पाहणाऱ्याकडून दिवस आणि वेळ काढून आणली, सकाळी नऊ ते अकरा, आणि नवऱ्याला बखोटीला धरून आणलं.

फेइ-युन शस्त्रक्रियेआधीच्या खोलीत गेली तेव्हा तिथे हशा पिकला होता. मास्तर खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजव्या हाताची तीन बोटं त्यांनी अशी धरली होती की बाहुली नसतानाही तिथे बाहुली दिसावी.

"मी पि... हिक्... प्यालेलो नाही," ती अदृश्य बाहुली घोगऱ्या, अडखळत्या आवाजात म्हणाली. "ही जमीनच... हिक्... प्यालेली आहे. धरा तिला!"

दोन परिचारिका हसून बेजार झाल्या होत्या. फेइ-युनही हसली.

"आबा, सकाळपासून काही खाल्लंत? पाणी?"

"पाणी?" दारुड्या दचकला. "बाई, माझ्यासारख्याला असले... हिक्... वाईट शब्द ऐकवता?"

"मला तुमचं उत्तर पाहिजे, त्याचं नको."

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं. फेइ-युनने त्यांचा डावा हात हातात घेतला. कोपराच्या वर डायलिसिससाठी जोडलेली शीर दोरखंडासारखी फुगली होती. तिच्यावर बोटं ठेवल्यावर मांजर गुरगुरावं तशी थरथर लागली. शीर चालू होती. त्या हाताला ना पट्टा बांधायचा, ना सुई लावायची, म्हणून तिने त्यावर लाल फीत बांधली. डायलिसिस काल दुपारीच झालं होतं. पोटॅशियम चार पूर्णांक सहा, हृदयाचा आलेख स्वच्छ. सगळे आकडे शहाण्यासारखे वागत होते.

बाहेर डॉ. शियाओ मान-लिंग हात धूत होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कायम कपाळावर. फेइ-युन त्यांच्याच महाविद्यालयात शिकलेली, म्हणून ती त्यांना ताई म्हणे. तिने सगळे आकडे धडाधड सांगितले.

"आणि माणूस कसा आहे?" शियाओताईंनी विचारलं.

"मजेत आहेत. दारुड्या बाहुल्याची नक्कल करून सगळ्यांना हसवतायत."

"फक्त दारुड्याची?"

"हो. का?"

"लहानपणी आमच्या देवळात यायचे ते. एका दमात सहा आवाज काढायचे. सेनापती बोलतोय तोच राजकन्या रडायची." त्यांनी टॉवेलला हात पुसले. "सहा आवाजांचा माणूस एकाच आवाजात कशाला बसून राहील? चल, बघू या."

मास्तर अजून रंगात होते. शियाओताईंनी खुर्ची ओढली आणि खाटेच्या पायथ्याशी बसल्या, घाई नसल्यासारख्या.

"आबा, मी तुमच्या गळ्यात नळी घालणार आहे. म्हणून म्हटलं, आधी ओळख करून घ्यावी. सेनापतींना बोलवा की जरा."

"सेनापती... हिक्... लढाईवर गेलेत."

"मग राजकन्या?"

"ती माहेरी."

"वाघ तरी असेल घरी."

मास्तर नुसतेच हसले. परिचारिकांचं हसूही विरलं. शियाओताईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बरं, कोणालाच नको. तुम्ही स्वतः बोला. नाव सांगा, गाव सांगा, एवढंच."

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. छाती फुगवून ते श्वास धरून राहिले, पाण्याखाली बुडी मारलेल्या माणसासारखे. शियाओताई जिवाचा कान करून बसल्या होत्या. मग मास्तरांच्या पोटाला हिसका बसला आणि मिटल्या तोंडातून एक बारकी, खरीखुरी उचकी निसटली. पाठोपाठ दुसरी.

"कधीपासून?" ताईंनी हळूच विचारलं.

मास्तरांची मान खाली गेली. आता ते स्वतःच्या आवाजात बोलले, आणि तो आवाज इतका खोल आणि स्वच्छ होता की फेइ-युनच्या अंगावर काटा आला. "पहाटेपासून. थांबतच नाही. म्हटलं... हिक्... तुम्ही लोक ऑपरेशन पुढे ढकलाल. वेळ काढलेली आहे. शिवाय बाहुलीवाल्याला उचकी म्हणजे... नाचणाऱ्याला लंगडेपण. लाज वाटते हो. मग ती त्या दारुड्याच्या खात्यावर मांडली."

फेइ-युनला स्वतःचे कान उपटावेसे वाटले. पण त्याहून जास्त तिला नवल वाटत होतं. प्रत्येक उचकी वाक्यात नेमक्या जागी बसवायची, तीही ती येण्याआधी अर्धा क्षण ओळखून! चार तास या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती.

ताई मात्र उठून दारात गेल्या होत्या. बाहेर बाकावर अ-लुआन आजी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, मनगटात देवळातला लाल दोरा.

"आजी, काल रात्री यांनी काय खाल्लं?"

"जे तुमच्या आहारवाल्या बाईंनी लिहून दिलंय तेच. दोनदा उकळून पाणी फेकलेली भाजी. मूठभर भात. मासळीचा बोटभर तुकडा. मी काही अडाणी नाही."

"फळ?"

"फळ?" आजी भडकल्याच. "बारा वर्षांत घरात फळ येऊ दिलं नाही मी. दारचं झाडसुद्धा..." त्या थांबल्या.

"कशाचं झाड?"

"कमरखाचं. पण त्याचं फळ यांना कधी दिलेलं नाही हां! डायलिसिसच्या खोलीत भिंतीवर चित्र लावलंय, लाल फुली मारलेलं. मला दिसत नाही का?"

"पाहिलंय मी ते चित्र." ताई आजींच्या शेजारी बसल्या. "आजी, आज यांच्या गळ्याचं ऑपरेशन. आवाजाची धास्ती तुम्हालाही होतीच. गळ्यासाठी काही दिलंत?"

"ते तर औषध दिलं," आजी लगेच म्हणाल्या. "गळ्याचं. सगळे बाहुलीवाले घेतात. माझ्या सासऱ्यांच्या हातची बरणी आहे, वीस वर्षं मिठात मुरलेली. काळाकुट्ट रस झालाय. मोठ्या खेळाच्या आदल्या रात्री वाटीभर घ्यायचा, आवाज घंटेसारखा होतो. आजारी पडल्यापासून हे नको म्हणायचे, खारट म्हणून. काल मीच म्हटलं, उद्या गळ्यावर सुरी फिरणार, एकदा घ्या. दोन वाट्या दिल्या."

"कशाचा रस, आजी?"

आजींचा हात मनगटातल्या दोऱ्याकडे गेला.

"पण ते फळ नाही हो," त्या एकदम बारीक आवाजात म्हणाल्या. "ते औषध आहे. बरणीतलं."

फेइ-युनला ते प्रकरण माहीत होतं, परीक्षेला विचारतात म्हणून. पाच धारांचं, आडवं कापलं की चांदणी दिसणारं ते फळ चांगल्या किडनीच्या माणसाने खुशाल खावं. किडनी नसलेल्याच्या अंगात मात्र त्यातलं विष साठतं आणि थेट मेंदूला चेतवतं. आधी उचकी. मग बरळणं. मग झटके, आणि ते झटके कुठल्याही औषधाला जुमानत नाहीत. हे सगळं तिला पाठ होतं. तरी समोर उचकी लागलेला माणूस बसला असताना ती खदखदून हसली होती.

शल्यविशारद डॉ. को तेवढ्यात टोपी बांधत आले. उंच, हाताने हलके आणि जिभेने तिखट.

"मान-लिंग, पावणेनऊ झाले. काय चाललंय?"

"आज नाही करत आपण."

"पोटॅशियम किती?"

"चार पूर्णांक सहा."

"माझं त्याहून जास्त असेल. मग?"

"उचकी आहे."

"उचकी!" डॉ. कोंनी छताकडे पाहिलं. "दोन वर्षं मिनतवाऱ्या करून माणूस टेबलापर्यंत आणला. पुन्हा घरी गेला की परत यायचा नाही. आणि तू उचकीसाठी थांबवतेस? भूल दिली की उचकी बंद. तुझंच औषध, तूच सांगतेस."

"बंद होईल, हेच तर भीती वाटण्यासारखं आहे." ताईंचा आवाज जराही चढला नाही. "कमरख घेतलंय यांनी, दोन वाट्या. आता भूल दिली तर आतमध्ये मेंदू पेटला तरी वरून मला काही दिसणार नाही. आणि संध्याकाळी झटका आला तर तू काय म्हणशील?"

डॉ. कोंनी घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणशील, ग्रंथी काढल्या, कॅल्शियम उतरलं, म्हणून झटका. मीपण तेच म्हणेन. साऱ्या जगात कोणीही तेच म्हणेल. दोघं मिळून रात्रभर कॅल्शियम भरत बसू, आणि विष जिथल्या तिथे. को, आकडे यांचे चांगलेच आहेत. हे विष आकड्यांत नसतंच, आपण ते मोजत नाही."

डॉ. कोंनी टोपीची गाठ सोडली. "डायलिसिसवाल्यांना मी फोन करतो," ते म्हणाले. "माझं ऐकतात ते. तुला अर्धा तास थांबवतील."

राहिले मास्तर. ते ऐकायला तयार नव्हते. दोन्ही हातांनी त्यांनी खाटेचा कठडा धरला होता.

"वेळ गेली की गेली, डॉक्टरीणबाई. पुन्हा एवढं... हिक्... धैर्य कुठून आणू? पंचांगवाल्याने सांगितलंय, नऊ ते अकरा."

"पंचांगात शब्द काय लिहिलाय, आबा? ऑपरेशन?"

अ-लुआन आजींनी पिशवीतून घडी घातलेला लाल कागद काढला आणि लांब धरून वाचला. "'उपचार घेण्यास शुभ.'"

"मग डायलिसिस काय नाचगाणं आहे?" ताई म्हणाल्या. "नऊ ते अकराच्या आत सुई टोचून देते. तुमचा एक क्षणही वाया जाणार नाही. चालेल?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने कागद पुन्हा वाचला, शब्दाला शब्द लावून पाहिला आणि मान डोलावली. मास्तरांनी कठडा सोडला.

सुई दहाच्या आत लागली. पण दुपारपर्यंत शियाओताईंनी वर्तवलेलं सगळं एकेक करून समोर आलं. मास्तर बरळू लागले. यंत्रातून फिरणाऱ्या आपल्याच रक्ताची लाल नळी पाहून राजकन्येच्या आवाजात रडले, मग सेनापतीच्या आवाजात परिचारिकेला सैन्य मागे घ्यायचा हुकूम दिला. लढाईवर गेलेले, माहेरी गेलेले सगळे परत आले होते, आणि त्यांना आणणारा माणूसच घरी नव्हता. आता कोणी हसलं नाही. मग उजवा दंड लटलटा उडाला, एकदा, दोनदा. ताईंनी झटका थांबवणारं औषध मोजून दिलं आणि डायलिसिस संपायची वेळ झाली तरी यंत्र थांबवू दिलं नाही. विष पुन्हा पुन्हा पेशींतून रक्तात झिरपतं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

हे जर शस्त्रक्रियेच्या टेबलावर झालं असतं! सुट्टीच्या वेळीही फेइ-युन डायलिसिसच्या खोलीत जाऊन बसे. ताई रोज येत. खुर्ची ओढून बसत, काही तपासण्याआधी नुसत्या ऐकत. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी डोळे उघडून विचारलं, "जेवायला काय?" मध्ये उचकी नव्हती.

"खारट भात," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "स्वप्नात."

पुढच्या आठवड्यात अ-लुआन आजींनी नवा लाल कागद आणला. बरणी त्यांनी फोडली नव्हती. सासऱ्यांच्या हातची ती. दीराच्या घरी पोहोचवली होती, आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने लाल फुली मारली होती.

शस्त्रक्रियेच्या खोलीत मास्तर अगदी गप्प होते. फेइ-युनने उशा लावल्या. हाडं इतकी ठिसूळ की मान जोरात मागे वाकवली तर मणका दुखावायचा. ताईंनी स्वतःचा तळवा त्यांच्या मानेखाली सरकवला आणि डोकं हळूहळू, बोटाबोटाने मागे टेकवलं, जागेपणीच, "दुखलं तर सांगा, भूल दिल्यावर तुम्ही खोटंच गोड वागाल" असं म्हणत.

मग त्यांनी गुंगीचं औषध द्यायला सुरुवात केली. इतकं सावकाश की फेइ-युनला आपल्याच हाताला मुंग्या आल्यासारखं वाटलं. डायलिसिसने कोरड्या झालेल्या अंगात रक्त मोजकंच फिरत असतं. औषध भसकन दिलं तर रक्तदाब विहिरीत पडल्यासारखा पडतो, आणि सलाइन ओतून तो वर काढावा तर ते पाणी बाहेर टाकायला किडनी नाही. ताई एक मिली देत, पडद्याकडे बघत, थांबत. पुन्हा एक मिली. रक्तदाब पायऱ्या उतरावा तसा उतरला आणि हवा तिथे थांबला.

नळीचं काम आणखी नाजूक होतं. या नळीला बाहेरून बारीक तारा होत्या आणि त्या बरोबर स्वरतंतूंना टेकायला हव्या होत्या. डॉ. कोंनी आवाजाच्या नसेला नुसता स्पर्श केला तरी स्वरतंतू हलणार आणि यंत्र वाजणार. पण स्नायू सैल करणारं औषध अंगात उरलं असेल तर यंत्र मुकं राहणार. म्हणजे नळी जाईपर्यंत गळा सैल हवा आणि सुरी नसेजवळ पोहोचेपर्यंत तोच गळा पुन्हा जागा हवा, आणि माणूस मात्र झोपलेलाच. किडनी नसलेल्या शरीरात हे गणित जमवायचं तर औषध स्वतःहून मोडणारंच लागतं, आणि तेही मोजून निम्मं.

ताईंनी निम्मंच दिलं. नळी एका हालचालीत आत गेली, दाताला न लागता. मग त्यांनी मनगटाच्या नसेला हलका विजेचा टिचका दिला. अंगठा हलला नाही. पुढे थोड्या थोड्या वेळाने त्या टिचका देत राहिल्या. डॉ. कोंनी ग्रंथींपर्यंत वाट काढली आणि विचारलं, "जागा आहे का गळा?"

अंगठा चार टिचक्यांना चारदा हलला. चारही सारखे.

"जागा आहे," ताई म्हणाल्या. "मालक झोपलेत. कर विचारपूस."

डॉ. कोंनी टोकदार सळीने पांढऱ्या धाग्यासारख्या नसेला स्पर्श केला. यंत्र टक् टक् वाजलं. उजवी नस वाजली, डावी नस वाजली. मास्तर तसूभरही हलले नाहीत. फेइ-युन सिरिंज पंपाच्या आकड्यांकडे बघत होती आणि मनातल्या मनात हिशेब मांडत होती: इतकं आत गेलं, इतकं मोडलं, इतकं उरलं. हिशेब जुळत होता. पण तिला दिसत होतं की ताई पंपाकडे बघतच नाहीत. त्यांची दोन बोटं मास्तरांच्या कपाळाच्या शिरेवर होती, आणि आकडा बदलायच्या किंचित आधी त्यांचा दुसरा हात पंपाकडे जात होता.

चारही ग्रंथी निघाल्या. त्यांतल्या एकीचा छोटा तुकडा डॉ. कोंनी उजव्या हाताच्या स्नायूत पेरला, ग्रंथी अगदीच उरली नाही असं होऊ नये म्हणून. शेवटी पुन्हा नसेला स्पर्श करून पाहिला. डावी वाजली. उजवी वाजली, पण आधीपेक्षा मंद.

"ओढ बसली असेल," डॉ. को म्हणाले. "तुटलेली नाही. पण मी शपथेवर काही सांगणार नाही."

मास्तरांना ताईंनी खोकल्याशिवाय जागं केलं. डोळे उघडले, जीभ बाहेर काढली, हात दाबला, सांगितलं ते सगळं केलं. बोलले मात्र नाहीत. संध्याकाळी बोलले नाहीत. कॅल्शियम धावून धावून हाडांत परत जात होतं, ते तासातासाला मोजून भरलं जात होतं, ओठ बधिर झालेत का विचारलं की ते मान हलवत. आजींनी काय हवं विचारलं तर बोट दाखवत. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. आजींचा धीर सुटत चालला.

"आवाज गेला ना हो?" त्यांनी दाराबाहेर फेइ-युनला विचारलं. "खरं सांग, पोरी. माझ्या दोन वाट्यांनी गेला?"

"नाही आजी, त्या वाट्यांचा याच्याशी संबंध नाही," फेइ-युन म्हणाली. पुढचं तिला माहीत नव्हतं.

शियाओताई आल्या. खुर्ची ओढली, बसल्या. मास्तरांचा श्वास तेवढा ऐकत राहिल्या, आत जाताना, बाहेर येताना.

"श्वासात शिट्टी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पाणी पिताना ठसका लागला?"

मास्तरांनी नाही म्हटलं.

"मग तुम्ही बोलत नाही, की बोलून बघत नाही?"

मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"बघा तरी!" अ-लुआन आजी पुढे आल्या. कमरेवर हात. "चाळीस वर्षं मी ओरडतेय, जेवताना तरी गप्प बसा. झोपेत सुद्धा वाघ काढायचे. आणि आता मी जीव टाकतेय तर यांना मौनव्रत! गेला असेल तर गेला. मी बडबडेन दोघांच्या वाटचं. पण गेलाय की आहे ते न बघता असे मेल्यासारखे पडून राहणार असाल, तर मी दीराकडून ती बरणी आणून स्वतः पिते आणि होते मोकळी."

"तुझ्या किडन्या... चांगल्या आहेत," मास्तर भिंतीकडे बघत पुटपुटले. "तुला... काय व्हायचंय?"

नुसती कुजबुज होती ती, हवेचीच. आवाज त्यात नव्हता. आजींनी तोंडावर पदरासारखा रुमाल धरला.

"कुजबुजीवरून काही कळत नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "कुजबुजायला स्वरतंतू लागतच नाहीत. आबा, एकच गोष्ट करा. पोटभर श्वास घ्या आणि 'आ' धरा, सुटेल तोवर. नस लुळी असेल तर हवा गळते, दहा सेकंदांच्या आत संपतं. पंधरापुढे गेलात तर दोन्ही तंतू मिटतायत. फेइ-युन, घड्याळ घे."

फेइ-युनने फोनवरचं घड्याळ शून्यावर आणलं. मास्तर उठून बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले, पाठ सरळ केली, डोळे मिटले. छाती भरली. आजींनी रुमाल मुठीत आवळला. मास्तरांनी तोंड उघडलं आणि फेइ-युनने बोट दाबलं.

एकवीस पूर्णांक चार सेकंद.